मग माझ्या आजोबांचं काय?

(जुहूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, मधला चहा आणि माइकची खरखर तेवढी गाळली आहे. घरातल्या ज्या माणसांबद्दल मी बोलले, त्यांना आधी ऐकवून, त्यांनी हो म्हटल्यावरच हा भाग टाकला आहे.)

शनिवारची संध्याकाळ, पाच मिनिटांवर समुद्र, आणि तरी तुम्ही इथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसलात, त्याबद्दल आधी आभार. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? मध्येच हेलिकॉप्टर गेलं तर मी थांबेन. जुहूत राहणाऱ्यांना त्याची सवय आहे.

ज्यांनी माझे आधीचे भाग ऐकले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. आणि दर रविवारी दुपारी आमच्या घरी, गावठाणात, पाच-सहा मुलं खेळायला येतात. खेळ मोबाइलवरचा नव्हे हं. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा एक फासा, आणि बाकी सगळं डोक्यात. मी एक जग सांगते, मुलं त्यातली पात्रं होतात, काय करायचं ते ती ठरवतात आणि फासा टाकतात. फासा काय म्हणतो ते मी सांगते. इतकंच.

गेल्या वर्षी आम्ही जे जग रचलं त्यात दोन टोळ्या होत्या. डोंगरवाले आणि खाडीवाले. नावं मुलांनीच दिली. या दोघांचं सात पिढ्यांचं हाडवैर. खाडीवाल्यांनी डोंगरवाल्यांच्या झऱ्यात मीठ टाकलं, म्हणून त्यांनी यांच्या होड्या जाळल्या, म्हणून यांनी त्यांचं देवराईतलं झाड तोडलं, म्हणून त्यांनी तहाच्या जेवणाला बोलावून यांच्या म्होरक्याला मारलं. मुलांना हे रचताना फार मजा आली. 'म्हणून' लावत जायचं, बस. सुडाची गोष्ट रचायला सगळ्यात सोपी असते.

कठीण असतं ते तिला संपवणं.

आमच्यात एक तेरा वर्षांचा मुलगा आहे. माझ्या मुलीच्या वर्गातला. जेवणात मारल्या गेलेल्या त्या म्होरक्याचा नातू म्हणजे त्याचं पात्र. चार-पाच महिने खेळ चालला, आणि शेवटी मी माझा ठरवलेला शेवट बाहेर काढला. काय, तर या दोन टोळ्यांना आपसात लढवणारा एक तिसराच होता, गुहेत राहणारा जादूगार. सगळी आग त्याने लावलेली. आता दोघांनी एकत्र यायचं, जादूगाराला मारायचं, आणि मग तह. फॅन्टसी वाचणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची असेल. हजार वेळा वापरून ती गुळगुळीत झालेली आहे.

बाकीची मुलं उत्साहाने फासे उचलायला लागली. हा मुलगा गप्प. मग म्हणाला, "मावशी, म्हणजे आम्ही एकमेकांना मारायचं थांबवायचं, आणि दोघांनी मिळून त्याला मारायचं. त्याला मुलं नाहीत का?"

मी म्हटलं, बरं, जादूगार रद्द. डोंगरवाल्यांची म्हातारी म्होरकी स्वतःहून आली आहे. तिने शस्त्र खाली ठेवलंय. ती म्हणते, पुरे झालं. काय करतोस?

त्याने फासा हातात घेतला, पण टाकला नाही. म्हणाला, "ती म्हणते पुरे. ठीक आहे. पण मग माझ्या आजोबांचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, पाच वाजले, पुढच्या रविवारी.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर मला त्या प्रश्नाने एवढं का टोचलं ते कळणार नाही. हा मुलगा मला बाकीच्या मुलांसारखं 'मावशी' म्हणतो. नात्याने मी त्याची आत्या आहे. तो माझ्या चुलतभावाचा मुलगा. आमचं घर आणि त्यांचं घर म्हणजे मुळात एकच घर, मध्ये एक भिंत घातलेली. त्या भिंतीच्या दोन बाजूंना एकोणीस वर्षं बोलणं नाही. मुलांनी शाळेत मैत्री केली, ती काही आम्हाला विचारून केली नाही. तो पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा माझी आई आतल्या खोलीत जाऊन बसली. पण तिने त्याला परत पाठवलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

भाऊबंदकी म्हणजे काय, हे या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगायला नको. बोळात काकांनी न्हाणीघर बांधलं, म्हणून बाबांनी मधलं दार बुजवलं. आजी आमच्याकडे होती. ती गेली तेव्हा काकांना उशिरा कळवलं, म्हणजे इतकं उशिरा की ते आले तेव्हा तिला उचलायची वेळ झाली होती. आणि बाबा गेले तेव्हा काका भिंतीपलीकडे होते आणि आले नाहीत. ना त्या दिवशी, ना तेराव्याला. मी ज्या गोष्टीवर मोठी झाले तिचं शेवटचं वाक्य हे होतं: सख्खा भाऊ आला नाही. डोंगरवाले, खाडीवाले... मी कुठून आणले असतील ते तुम्हाला आता कळलं असेल.

तर त्या आठवड्यात मी उत्तर शोधत बसले. आणि मला पहिल्यांदा आठवली आजी. साप दिसला की ती हात जोडून "आस्तिक, आस्तिक" म्हणायची. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या आज्या म्हणत असतील. लहानपणी मला वाटायचं, हा सापाला पळवायचा मंत्र आहे. हे एका मुलाचं नाव आहे, आणि या मुलाने सूड थांबवला म्हणून ते घ्यायचं, हे खूप नंतर कळलं. मग मी आदिपर्व काढून बसले.

महाभारत आपण कौरव-पांडवांची गोष्ट म्हणून ऐकतो. पण ती सांगितली कुठे गेली? सर्पसत्रात. जनमेजय राजाने वडिलांच्या मृत्यूचा सूड म्हणून सगळ्या नागांना जाळायचा यज्ञ मांडला, आणि त्या यज्ञातल्या मधल्या वेळात वैशंपायनाने त्याला महाभारत सांगितलं. व्यास स्वतः तिथे बसलेले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. शेकडो ठिकाणचा मजकूर मागाहून घुसवलेला म्हणून वगळला. ही चौकट मात्र त्यातही आहे. म्हणजे जगातली एवढी मोठी युद्धकथा आपल्यापर्यंत आली ती एका अर्धवट राहिलेल्या सुडाच्या आगीशेजारी सांगितली गेली म्हणून.

आता बघा हं. जनमेजयाला विचारलं तर गोष्ट कुठे सुरू होते? तक्षक नाग माझ्या वडिलांना, परीक्षिताला चावला, तिथे. पण तक्षक का चावला? कारण शृंगी नावाच्या ऋषिपुत्राने शाप दिला होता, सात दिवसांत तक्षक चावेल. शाप का दिला? कारण परीक्षित शिकारीला गेला, दमला, मौनात बसलेल्या शमीक ऋषींना त्याने काही विचारलं, ते बोलले नाहीत, तेव्हा चिडून त्याने धनुष्याच्या टोकाने एक मेलेला साप उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला.

आणि तक्षकाला विचारलं तर? तो आणखी मागे जाईल. खांडववनापर्यंत. परीक्षिताच्या आजोबांनी, म्हणजे अर्जुनाने, कृष्णाबरोबर ते अख्खं वन जाळलं. आतून जे जिवंत बाहेर पडायला बघत होते त्यांना बाण मारून परत आगीत पाडलं. तक्षक त्या दिवशी घरी नव्हता. त्याची बायको मुलाला वाचवताना अर्जुनाच्या बाणाने मेली. मुलगा, अश्वसेन, निसटला. त्या आगीतून सुटले ते हा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. सहा जीव.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १९६७ सालचं पुस्तक. त्यातल्या 'मयसभा' या लेखात त्या या खांडवदाहाकडे अग्नीच्या भुकेची चमत्कारकथा म्हणून बघत नाहीत. वन साफ करून जमीन मिळवायची आणि तिथे राहणाऱ्यांना संपवायचं, असं ते त्यांना दिसतं. तसं वाचलं की नाग म्हणजे फणा काढलेले साप राहत नाहीत. ती जंगलात राहणारी माणसं होतात. एक टोळी. म्हणजे आपल्या भाषेत आज ज्याला 'ट्रायबल फॅन्टसी' म्हणतात, तिचं सगळं सामान आदिपर्वात आहे. दोन टोळ्या, जळलेलं रान, वाचलेला एक मुलगा.

मग पहिला अपराध कुणाचा? सुडाच्या गोष्टीत प्रत्येक जण पुस्तक आपल्या सोयीच्या पानावर उघडतो. जनमेजय तक्षकाच्या पानावर. तक्षक खांडववनाच्या पानावर. आम्ही तेराव्याच्या पानावर. भिंतीपलीकडचे आजीच्या पानावर. आणि ते पान प्रत्येकाचं खरंच असतं हो! खोटं कुणी बोलत नाही. फक्त त्याच्या आधीचं पान कुणी उलटत नाही.

दुसरी एक गोष्ट मला या वेळी पहिल्यांदा दिसली. शमीकांच्या अंगावर साप टाकला, पण शमीक रागावलेच नाहीत. उलट शापाचं कळल्यावर त्यांनी मुलाला समज दिली, आणि आपला शिष्य पाठवून राजाला सावध केलं. रागावला तो मुलगा, तोही मित्राने डिवचल्यावर. तसंच जनमेजयाचं. वडील गेले तेव्हा तो लहान होता. मोठेपणी उत्तंक नावाचा ऋषी येऊन त्याला सांगतो, अरे, तुझ्या बापाला मारणारा मोकळा फिरतोय आणि तू काय करतोयस? या उत्तंकाची कुंडलं पूर्वी तक्षकाने पळवली होती. त्याचा स्वतःचा दावा होता, तो त्याने राजाच्या दुःखात मिसळून दिला. म्हणजे सूड घेणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने घेत असतो. बापाच्या, आजोबांच्या, आजीच्या. ज्याचं दुःख, तो कधी गप्प असतो, कधी गेलेला असतो. त्याला पुरे म्हणायची सोयच राहत नाही.

आता थांबवायचं कसं. महाभारतात थांबवायच्या जागा अधूनमधून येतात, आणि लोक त्या हुकवतात. तक्षक परीक्षिताला मारायला निघाला तेव्हा वाटेत त्याला काश्यप नावाचा विषवैद्य भेटला. हाही हस्तिनापूरलाच चालला होता, राजाला वाचवायला. तक्षकाने परीक्षा म्हणून एक वडाचं झाड डसून भस्म केलं. काश्यपाने ते पुन्हा हिरवंगार उभं केलं. म्हणजे येत होतं त्याला! तक्षकाने विचारलं, राजाकडून काय मिळेल ते मीच देतो, परत जा. आणि तो पैसे घेऊन परत गेला. गंमत अशी की त्या झाडावर एक माणूस लाकडं काढायला चढलेला होता. झाडाबरोबर जळला, झाडाबरोबर परत जिवंत झाला, आणि त्यानेच गावात येऊन हे सांगितलं. अशा साक्षीदारांमुळेच आपल्याला गोष्टी कळतात.

थांबायची एक जागा मात्र कर्णाने साधली. खांडववनातून निसटलेला तो अश्वसेन कर्णपर्वात परत येतो. कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर जातो, पण कृष्ण रथ दाबतो आणि बाण फक्त मुकुटाला लागतो. अश्वसेन परत येऊन कर्णाला म्हणतो, मला पुन्हा सोड, माझ्या आईला त्याने मारलंय. आणि कर्ण नाही म्हणतो. दुसऱ्याच्या बळावर मला जिंकायचं नाही, म्हणतो. अश्वसेन मग एकटाच जातो आणि मरतो. कर्ण काही अहिंसावादी नव्हता, अर्जुनाला मारायलाच तो उभा होता. पण दुसऱ्याचं वैर आपल्या भात्यात घ्यायचं नाही, एवढं त्याने पाळलं. आपल्यासारख्या साध्या माणसांनाही जमण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

आणि मग आस्तिक.

आस्तिकाची आई नागकन्या, वासुकीची बहीण. वडील ऋषी. दोघांचं नाव एकच, जरत्कारू. हे लग्न सहज झालेलं नाही. नागांना शाप होता की जनमेजयाच्या यज्ञात तुम्ही जळाल, आणि त्यांना हेही कळलं होतं की या दोघांचा मुलगा तुम्हाला वाचवेल. म्हणून वासुकीने बहीण थांबवून ठेवली, तो ऋषी सापडेपर्यंत. म्हणजे थांबवणाऱ्याची तयारी यज्ञ सुरू व्हायच्या कितीतरी आधी चालू होती. फॅन्टसी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शेवटच्या प्रकरणात तह पाहिजे असेल, तर दोन्हीकडचा मुलगा पहिल्या प्रकरणात जन्माला घालावा लागतो. जपानच्या हायाओ मियाझाकींचा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा १९९७ सालचा सिनेमा मुलांना मी दाखवला होता. त्यातही रान आणि लोखंडाची भट्टी यांच्यामध्ये उभा राहणारा मुलगा कुठल्याच बाजूचा नाही, आणि रानाचा शाप त्याच्या हातावर पहिल्यापासून आहे.

आस्तिकाच्या आईचा विचार मात्र महाभारत फार करत नाही. तो आपल्या मराठी कवीने केला. अरुण कोलटकर. २००४ साली त्यांचं 'सर्पसत्र' इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं, आणि त्याच वर्षी ते गेले. त्यात बोलते ती मुख्यतः जरत्कारू, आपल्या मुलाशी. तिचे लोक तिथे जळतायत, आणि आपल्या पोटच्या पोराला ती त्या आगीकडे पाठवते आहे. जरूर वाचा.

आस्तिक तिथे जाऊन काय करतो? तो भांडत नाही. नागांची बाजू मांडत नाही. खांडववनाचं नावही काढत नाही. तो यज्ञाची आणि राजाची स्तुती करतो. राजा खूश होऊन वर माग म्हणतो. ऋत्विज म्हणतात, थांबा, अजून तक्षक आलेला नाही. तक्षक इंद्राच्या आश्रयाला गेलेला. मंत्र इतके जोरात की इंद्रच ओढला जायला लागला, आणि त्याने तक्षकाला सोडून दिलं. तक्षक आकाशातून आगीत पडतोय, त्या क्षणी आस्तिक म्हणतो: यज्ञ थांबव. हाच वर. राजा म्हणतो, सोनं घे, रूपं घे, गायी घे, हे मागू नकोस. आस्तिक म्हणतो, मला सोनं नको. आणि तक्षक तसाच मध्ये लोंबकळत राहतो, ना वर ना खाली.

इथे तीन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक, आस्तिकाने कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायला घेतलंच नाही. ते घेतलं असतं तर आग विझायच्या आत निकाल लागला नसता. आधी थांबव, एवढंच.

दोन, तो नागांकडे क्षमेचा उपदेश करायला गेला नाही. ज्याच्या हातात पळी होती, जो आहुती टाकत होता, त्याच्याकडे गेला. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते. कारण 'जाऊ दे, विसरून जा' हे आपण नेहमी जळणाऱ्याला सांगतो. जाळणाऱ्याला सांगायला हिंमत लागते. आणि ज्याच्यावर अन्याय चालू आहे त्याने दाद मागू नये, असा याचा अर्थ अजिबात नाही. कोर्ट आहे, कायदा आहे. मी बोलतेय ते पिढ्यांच्या हिशोबाबद्दल, जो कुठल्याच कोर्टात फिटत नाही.

तीन, आणि हे कडू आहे. तक्षक वाचतो. हजारो निरपराध नाग जळून गेले, आणि ज्याने खरंच परीक्षिताला मारलं तो सुटतो. सुडाचं चक्र थांबलं म्हणजे शेवटचा हिशोब कुणाचा तरी अपुरा राहणार. फिट्टंफाट होऊन कुठलंच वैर थांबत नाही. फिट्टंफाट होतच नाही, कारण माझं 'एक' आणि तुझं 'एक' कधीच सारखं नसतं.

कोसोवोमध्ये अल्बानियन लोकांत पिढ्यान्पिढ्या खुनाला खून अशी रीत होती. १९९० साली तिथे अंतोन चेता नावाचे लोकसाहित्याचे अभ्यासक आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थी घरोघर गेले, आणि शेकडो कुटुंबांनी जाहीर मेळाव्यांत सगळ्यांसमोर खुनाची क्षमा केली. लोककथा गोळा करणारा माणूस, आणि तरुण पोरं. ज्यांना त्या घरांच्या गोष्टी माहीत होत्या, आणि ज्यांना पुढे जगायचं होतं.

पण त्या पोराचा प्रश्न अजून बाकीच आहे ना? थांबलो. तक्षक सुटला. मग माझ्या आजोबांचं काय?

उत्तर मला यज्ञाच्या मंडपातच सापडलं. हे माझं वाचन आहे, पटलं तर घ्या. जनमेजय सूड घ्यायला बसला, आणि त्याच मंडपात त्याने आपल्या कुळाची गोष्ट ऐकली. सगळी. पणजोबांचा पराक्रम ऐकला, आणि त्याच पणजोबांनी जाळलेलं खांडववनही ऐकलं. अश्वसेनाची आई ऐकली. नागांची बाजू त्याला कुठल्या नागाने सांगितली नाही, त्याच्याच घरच्या इतिहासाने सांगितली. त्या मंडपातली मारण्याची रीत बंद पडली, आणि सांगण्याची चालू राहिली. तिथे ऐकलेली गोष्ट उग्रश्रवा सूताने नैमिषारण्यात जाऊन पुढच्या लोकांना सांगितली, ती तशीच आजवर आली. मेलेल्यांना न्याय म्हणून आपण एवढंच देऊ शकतो की त्यांची गोष्ट पूर्ण सांगायची, आणि ज्यांच्याकडून ते मेले त्यांनी ती बसून ऐकायची.

पुढच्या रविवारी मी मुलांना आस्तिकाची गोष्ट सांगितली. बाकी काही सुचवलं नाही. तो मुलगा बराच वेळ कागदावर काहीतरी खरडत होता. मग म्हणाला, "माझा माणूस म्हातारीला मारत नाही. पण एक अट आहे. दर वर्षी त्याच दिवशी, त्याच जागी, डोंगरवाल्यांनी जेवण घालायचं. आणि माझ्या आजोबांना कसं मारलं ते डोंगरवाल्यांनीच सांगायचं. आम्ही नाही सांगणार. त्यांनी सांगायचं."

माझी मुलगी, जी डोंगरवाली होती, म्हणाली, "आणि होड्यांच्या आधी झऱ्यात मीठ कुणी टाकलं, ते तुम्ही सांगायचं."

त्याने थोडा विचार केला आणि हो म्हणाला. फासा टाकावाच लागला नाही. खेळ तिथे संपला.

मंडळी, हे मी तुम्हाला सांगून टाळ्या घेतल्या असत्या आणि घरी गेले असते. पण तेरा वर्षांच्या मुलाने जे केलं ते आपण करायचं नाही, आणि त्यावर भाषण द्यायचं, हे मला जमेना. महिन्याभराने मी भिंतीपलीकडे गेले. एकोणीस वर्षांनी. चुलतभावाने दार उघडलं. काका आत खुर्चीत बसले होते, आता थकलेत. मी माझी यादी घेऊन गेले नव्हते. म्हटलं, काका, तुमच्या बाजूने सगळं पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही.

दोन तास लागले. त्यात न्हाणीघर आलं, दार आलं, आजी आली. आणि एक गोष्ट अशी आली जी आमच्या बाजूला कुणी मला कधी सांगितली नव्हती. काकू हॉस्पिटलात शेवटच्या अवस्थेत होत्या, त्या आठवड्यात बाबांनी वकिलाची नोटीस पाठवली होती. काकांनी ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचली. चार दिवसांनी काकू गेल्या. मला नोटीस माहीत होती. काकू कधी गेल्या तेही माहीत होतं. या दोन तारखा शेजारी ठेवून मी कधी बघितल्या नव्हत्या.

आमच्या खांडववनाची गोष्ट मी अशी ऐकली, बाबा गेल्यावर सहा वर्षांनी. माझे बाबा वाईट नव्हते. आजही त्यांची आठवण आली की माझा घसा दाटतो. पण ते पान आता मला उलटं लावता येत नाही.

काकांनी शेवटी विचारलं, "तुला माफी पाहिजे की मागायची आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही काका, मी ऐकायला आले होते. ते काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "तुझ्या आईला सांग, गुडघ्याला तेल लावत जा. भिंतीतून कण्हणं ऐकू येतं."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, नोटिशीसकट. तिने तोंड फिरवलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तेल कुठलं, ते सांगितलं का?"

भिंत अजून तशीच आहे. काकांचं आणि आईचं बोलणं नाही. कागदपत्रांचं प्रकरण वकिलांकडे आहे, ते आपल्या गतीने चालेल. सगळं गोड झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. आमच्यात कुणी आस्तिकही नाही. पण नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागाची पिल्लं मरतात, नागीण सगळं घर डसून टाकते आणि शेवटी त्याच्या मुलीकडे जाते. ती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली असते, तिने पाटावर नाग काढून दुधा-लाह्यांनी पूजा केलेली असते. नागीण तिथे थांबते. आजी ही कहाणी आम्हाला सांगायची, तेव्हा मधलं दार उघडं होतं आणि दोन्हीकडची मुलं एकाच सतरंजीवर बसून ऐकायची. या वर्षी मी ती रविवारच्या खेळात सांगितली. तो मुलगा म्हणाला, "ही मला आमच्या आजोबांनी पण सांगितलीय."

तो मला अजून मावशीच म्हणतो. मी दुरुस्त करत नाही. उद्या दुपारी नवीन खेळ सुरू होतोय, टोळ्या कुठल्या ते मुलं ठरवतील.